कानसेनांचा तळहात

कानसेन आणि त्यांची नात पहिल्यांदा भेटले तेव्हा एकाचं वय होतं एकोणसत्तर वर्षं आणि दुसरीचं एकोणतीस तास. भेटीची सगळी सूत्रं अर्थातच एकोणतीस तासवालीच्या हातात होती. प्रसूतिगृहातल्या नर्सने तिला दुपट्यात असं आवळून आणलं होतं की नाकाचा शेंडा आणि एक डोळा तेवढा बाहेर. त्या एका डोळ्याने तिने आजोबांना अंगठ्यापासून टकलापर्यंत न्याहाळलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने कानसेनांची अशी तपासणी केली नव्हती. त्यांना दरदरून घाम फुटला आणि त्यांनी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग नर्सने ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांचा उजवा तळहात बाळाच्या ओटीपोटावर आला मात्र, कानसेन खांबासारखे ताठ झाले.

"फुटणार!" ते ओरडले.

"काय फुटणार, बाबा?" मुलगा दचकून म्हणाला.

"लाइन! सरका सगळे!"

बाळाला छातीशी धरलेल्या हातानेच दुपटं सोडत त्यांनी दुसऱ्या हाताने नर्सचा स्टीलचा ट्रे पलंगावर पालथा केला, रिकामा ट्रे पुढे ओढला आणि नातीला त्यावर अलगद धरलं. पुढच्या क्षणाला ट्रे वाजू लागला. नर्सच्या हातातला कापूस गळून पडला. समोरच्या खाटेवरच्या बाळंतिणीने आपल्या मुलाकडे ‘बघ, जरा शीक काही’ अशा नजरेने पाहिलं. डॉक्टरीणबाई राउंड अर्धवट टाकून आल्या, चष्मा काढून त्यांनी ट्रे बघितला, चष्मा लावून परत बघितला. कानसेनांनी मात्र रुमालाला हात पुसले आणि खात्यातल्या आवाजात अहवाल दिला, "प्रेशर उत्तम आहे."

हे कानसेन म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले गळती शोधणारे. त्या कामाला यंत्र असं काही नव्हतं. एक लांब लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखाली पाइप कुठे रडतोय ते ऐकायचं. बाकीचे लोक तीन-तीन खड्डे खणून हात हलवत परत यायचे. हे एकच जागा दाखवायचे आणि पहार घातली की तिथेच पाणी. म्हणून खात्याने त्यांना कानसेन ही पदवी दिली. ती पुढे घराच्या दारापर्यंत आली आणि खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात राहिलं.

आता यातली एक गोष्ट खात्याला माहीत नव्हती. नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत कानसेनांना वाटीतून काहीही ऐकू येत नव्हतं. कान हळूहळू गेले, इतके हळू की कोणत्या दिवशी गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तोवर तळहात तयार झाला होता. वाटी कानाला लावायची ती लोकांना दाखवायला. सळई धरलेल्या मुठीत जी बारीक थरथर यायची तिच्यावरून ते गळती सांगायचे. आणि बरोबर सांगायचे. रिटायर होताना त्यांच्या ‘तीक्ष्ण श्रवणशक्ती’बद्दल त्यांना शाल मिळाली. भाषणं झाली. कानसेनांनी प्रत्येक भाषणाला इतरांकडे बघून टाळ्या वाजवल्या.

हे गुपित फक्त बायकोला ठाऊक होतं. ती बिचारी घरात दिवसभर ओरडून बोलायची. "चहाऽऽ झालाऽऽ!" "दारातऽऽ कोण आलंयऽऽ!" सगळी इमारत म्हणायची, काय ही कजाग बाई, आणि काय हा देवमाणूस, एका शब्दाने उलटून बोलत नाही! मुलगासुद्धा म्हणायचा, आईचा स्वभावच तसा. बायकोने तो स्वभाव शेवटपर्यंत निभावून नेला. नात जन्मायच्या आदल्या वर्षी ती गेली, आणि कानसेनांचं घर एकदम गप्प झालं. येणारे-जाणारे म्हणायचे, माणूस गेलं की घर असंच खायला उठतं. कानसेन मान हलवायचे. बाकीच्यांना घर तसं काही फार गप्प झालेलं नव्हतं; त्यांना ऐकू येणारा आवाज तेवढा गेला होता.

मुलाचा प्रश्न नव्हता. तो छापखान्यात मशीनवर होता. दिवसभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय. घरी मीठ मागायचा तरी शेजारचे मीठ घेऊन यायचे. त्याचं कानसेनांना बऱ्यापैकी कळायचं. अडचण सूनबाईची होती. ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला, आणि आवाज असा मऊ की सुई टोचल्याचं पेशंटला कळायचं नाही. ती काही म्हणाली की कानसेन तिच्या तोंडाकडे बघून एकदा "हं" म्हणायचे आणि एकदा "बरं". लॅबमध्ये ती सांगायची, "सासरे असावेत तर आमच्या बाबांसारखे. कशालाच नाही म्हणत नाहीत." बाकीच्या मुली हेव्याने जळायच्या.

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा तिने पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून डायपरचे चार गठ्ठे आणून कपाटात रचले होते. पण घरात एव्हाना वेगळंच चाललं होतं. ट्रेच्या त्या प्रसंगानंतर कानसेनांनी नातीचं खातं स्वतःकडे घेतलं होतं. ती झोपून उठली की लगेच एकदा, दूध प्यायल्यावर दहा मिनिटांनी एकदा. बाकी सगळं खुणांवर. हातपाय झाडता झाडता ती अचानक थबकली, भिंतीवरच्या एकाच जागी टक लावून बसली, की शू. ओठ मुडपून कपाळाला आठ्या घातल्या, की मोठं काम. शिवाय पोटावरचा तळहात होताच. कानसेन तिला उचलायचे, पाठ आपल्या छातीला टेकवायचे, मांड्या खालून धरून तिला उकिडवं करायचे, खाली प्लास्टिकचं भांडं सरकवायचे आणि म्हणायचे, "शूऽऽऽ." चार महिन्यांत घरातले लंगोट वाळत घालायची दोरी निम्मी रिकामी झाली.

सुनेने हे सगळं मन लावून बघितलं. लॅबमध्ये तिची अर्धी हयात बाटली घेऊन तासतास बसलेल्या लोकांची मनधरणी करण्यात गेलेली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्या लॅबला यायला हवं."

"हं," कानसेन म्हणाले.

मग तिने त्यांच्या समोर बसून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "दिवसभर सांभाळाल हिला? आम्ही दोघं बाहेर असताना?"

हे मात्र त्यांना तिच्या ओठांवरून पुरतं कळलं. "सांभाळीन की. का नाही?"

"झेपलं नाही तर लगेच सांगा. पाळणाघरातलं नाव मी काढत नाहीये."

"बरं," कानसेन म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला. आपल्याला ऐकू येत नाही हे कळलं, की ही जाणार.

कारण साधं होतं. रडणारं मूल ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हवाली मूल कोण करेल? कानसेनांनी स्वतःदेखील केलं नसतं. म्हणून त्यांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. ते नातीवरचा हात काढायचेच नाहीत. जागी असली की कडेवर, झोपली की शेजारी मांडी घालून पोटावर तळहात. पेपर वाचताना एक हात पेपरला, एक पोटाला. रडू फुटण्याआधी पोट आत ओढलं जातं, हे त्यांना असं कळलं. भूक, झोप, वात, राग, सगळ्यांची थरथर वेगळी. लंगोटाविना मूल वाढवायची जी कीर्ती पुढे इमारतभर झाली, तिचं मूळ या भीतीत होतं. सगळे म्हणायचे, काय कान आहेत म्हाताऱ्याचे! मुलीला शू यायच्या आधी यांना ऐकू येते!

आणि गंमत म्हणजे सहा महिन्यांची झाल्यावर ती उलट यांच्या कामी येऊ लागली. दाराची बेल वाजली की ती मान दाराकडे वळवायची. कानसेन उठून दार उघडायचे. फोन वाजला की फोनकडे बघून हात नाचवायची. कानसेन फोन उचलायचे, "हं, बरं" म्हणून ठेवायचे. ते तिला ‘साहेब’ म्हणत. "काय साहेब, कोण आलंय?" असं विचारत ते तिच्या नजरेमागून घरभर फिरायचे. ती यांचे कान, हे तिचा तळहात. कान गेल्यापासून त्यांचा संसार इतका सोपा कधी झाला नव्हता.

चूक झाली ती दुसरीकडेच. स्वतःचा "शूऽऽ" कानसेनांना ऐकू येत नव्हता. आपण हळू म्हणतोय की काय, बाळाला पोचतंय की नाही, या शंकेने ते तो रोज थोडा थोडा चढवत गेले. आठव्या महिन्यात तो इतका वाढला की एखाद्या वाफेच्या इंजिनाने मान खाली घालावी. बाळाला सवय होती, तिला काही वाटायचं नाही. खालच्या मजल्यावर टेलरचं दुकान होतं. त्याने एका संध्याकाळी जिन्यात सुनेला अडवलं.

"वहिनी, बाबांना जरा सांगा हो. त्यांचं ते सुरू झालं की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक माप देता देता अवघडतं. काल एक जण शर्टाच्या एका बाहीचं माप देऊन जो गेला तो आलाच नाही."

सून हसली. "सांगते."

"आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणतात, अजिबात सांगू नका. डॉक्टरच्या गोळीने होत नव्हतं ते यांच्या आवाजाने होतं!"

सून घरी येईपर्यंत हसत होती. घरी आल्यावर मात्र ती थांबली. एवढा आवाज कशाला काढतात बाबा? तिने नवऱ्याला विचारलं.

"आमच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलतात," तो ओरडून म्हणाला. "आई नव्हती का?"

विषय तिथेच राहिला. नात दहा महिन्यांची झाली, धरून उभी राहू लागली. लंगोट आता फक्त बाहेर जाताना. कपाटातल्या डायपरच्या गठ्ठ्यांपैकी एकच फोडलेला होता, आणि त्यातलेही निम्मे कानसेनांनी खिडक्या पुसायला वापरले होते.

एका गुरुवारी लॅबमधली लाइट गेली आणि सून दुपारी दोनलाच घरी आली. किल्ली तिने नेली नव्हती. तिने बेल वाजवली. थांबली. परत वाजवली. मग दार ठोठावलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. खालून टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांना काही झालं असणार, पडले असणार, असंच तिला वाटलं. शेजारच्या घरात शिरून ती त्यांच्या गॅलरीत गेली. तिथून कठड्यावर वाकलं की यांच्या खोलीची खिडकी दिसायची.

तिला दिसलं ते असं. बाळ गादीवर बसलेलं, चेहरा लालबुंद, तोंड उघडं, रडता रडता श्वास अडकत होता. आणि तिच्यापासून सात-आठ पावलांवर, ओट्यापाशी पाठमोरे उभे असलेले बाबा. धडधाकट. पातेल्यातलं दूध ढवळत होते. मान डोलावत कसलीशी चाल गुणगुणत होते.

बेलनेच बाळ जागं झालं होतं. दूध तापवायला कानसेनांना दोन्ही हात लागत, म्हणून दिवसातून ही चार मिनिटं तेवढी ते तिला सोडत. तीही ती गाढ झोपली आहे हे हाताने तपासून.

"बाबा!" सून खिडकीतून ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती इतकी ओरडली असेल. टेलर दचकला. कानसेन दूध ढवळत राहिले.

गॅस बंद करून ते वळले तेव्हा त्यांना रडणारी नात दिसली. हातातलं पातेलं तिथेच सुटलं. सगळीकडे दूध झालं, त्यातून घसरत, गुडघ्यावर आपटत ते तिच्यापर्यंत पोचले. तिला छातीशी धरलं, तळहात पाठीवर ठेवला. "काय झालं साहेब? काय झालं? मी इथेच होतो ना." तोवर सून धावत परत येऊन दार बडवू लागली होती; नात हुंदके देत दाराकडे बघू लागली. तेव्हा त्यांनी दार उघडलं.

सून आत आली. बाळ घेतलं. टेलरला "काही नाही, तुम्ही जा" म्हणाली. कानसेन लगबगीने फडकं घेऊन दूध पुसायला बसले. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात तिने विचारलं,

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

फरशीवर तिची सावली हललेली त्यांना दिसली. ती काहीतरी म्हणाली असणार.

"हं," कानसेन मान न वळवता म्हणाले. "बरं."

सून तिथेच खाली बसली आणि बाळाला पोटाशी घेऊन रडू लागली. ते कानसेनांना कळलं नाही. बरीचशी फरशी पुसून झाल्यावर त्यांनी मागे पाहिलं. तिचा चेहरा पाहिला. फडकं हातातच राहिलं.

"कळलं तुला," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"आज पहिल्यांदाच सोडलं होतं गं," ते म्हणाले. हे खोटं होतं, आणि त्यांना तोंडाने खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून लगेच म्हणाले, "रोज चारच मिनिटं सोडतो. दुधापुरती."

संध्याकाळी मुलगा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो बापावर ओरडला, आणि त्याचं ओरडणं तेवढं बापाला ऐकू आलं.

"आधी सांगायचं ना, बाबा! एवढी वर्षं! आम्ही काय परके होतो?"

"सांगितलं असतं तर दिली असतीस का माझ्याकडे?"

मुलाने नकारार्थी मान हलवली. त्याला खोटं बोलायची सवय घरातूनच लागली नव्हती.

कानसेनांची एक शेवटची आशा होती, ती यंत्राची. कानाच्या डॉक्टरने दोन्ही कानांत यंत्रं बसवून पाहिली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना पंखा ऐकू आला, नळ ऐकू आला, स्वतःच्या चपला ऐकू आल्या. नात काहीतरी बडबडत होती. ते तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बराच वेळ बसले.

"हिचा आवाज जाड आहे का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही बाबा. बारीक आहे. पाखरासारखा."

"मला भांडं घासल्यासारखा येतोय."

डॉक्टरने पुढच्या खेपेला सांगितलं की आतली नसच वाळली आहे; आवाज येईल, अर्थ येणार नाही. रडणं आणि खुर्ची सरकणं त्यांना सारखंच ऐकू यायचं. आठ दिवसांनी त्यांनी आपण होऊन यंत्रं काढून ठेवली आणि सुनेला म्हणाले, "तू नाव काढलं नव्हतंस ते बरं केलंस."

ती वाईट वागली असती तर तिच्यावर रागावून दिवस काढता आले असते. पण तिचं काहीच चुकलं नव्हतं. दुसरं कोणी असतं तरी हेच केलं असतं, आणि हे कानसेनांना तिच्याइतकंच पटलं होतं.

पाळणाघरात सोडायला पहिल्या दिवशी तेही गेले. खात्यात बदली झाली की नव्या माणसाला कागद करून द्यायची रीत होती, त्या रीतीने त्यांनी चार पानं लिहून काढली होती. थबकली म्हणजे काय, ओठ मुडपले म्हणजे काय, उठल्यावर किती वेळात, दुधानंतर किती वेळात, मांड्या कशा धरायच्या. शेवटी एक चित्रही काढलं होतं. त्यात माणूस माणसासारखा नव्हता, पण भांडं उत्तम जमलं होतं.

पाळणाघरवाल्या ताईंनी पानं उभ्या उभ्या वाचली. बाई भली होती. तिने पानं नीट घडी करून टेबलाच्या खणात ठेवली आणि कानसेनांना कळावं म्हणून मोठ्याने, हातवारे करत म्हणाली,

"आजोबा, बावीस मुलं आहेत. आम्ही तिघी. खुणा बघायला कोण बसणार? इथे डायपर लागतोच."

"पहिले काही दिवस तरी," कानसेन म्हणाले. "मी स्वतः येतो. कोपऱ्यात बसेन. आवाज करणार नाही."

"एकाच्या आजोबांना बसू दिलं तर बाकीच्यांचे पण येतील हो."

सुनेने पिशवीतून डायपर काढला. नात आजोबांकडे बघत होती, आणि आजोबा तिला तो कसा लावतात ते बघत होते. चिकटपट्टी बसल्यावर तिने दोनदा पाय झाडले आणि ती थबकली. भिंतीवर एका जागी टक लावली. कानसेनांचे हात आपोआप पुढे झाले. ताईंनी तिला उचलून आत नेलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला डायपर कोरडा निघाला. दिवसभर तिने धरून ठेवलं होतं. घरी येताच कानसेनांनी तिला भांड्यावर धरलं, आणि त्या मुलीने जे सोडलं ते बराच वेळ थांबेना. सून बाथरूमच्या दारात उभी होती. ती तिथून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही डायपर कोरडा. दुसऱ्या दिवशी मात्र संध्याकाळी तिला कळ आली आणि ती रात्रीपर्यंत किरकिरत राहिली. तिचं पोट कानसेनांच्या तळहाताला दगडासारखं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना कानसेनांनी नातीला जवळ घेतलं. डायपरवर हात ठेवला, आणि ते म्हणाले, "साहेब, आता यातच करायचं. चालतं." मग त्यांनी तिला नेहमीसारखं उकिडवं धरलं, खाली भांडं न सरकवता, डायपरसकट. आणि म्हणाले, "शूऽऽऽ."

खालच्या दुकानात टेलरने मशीन थांबवलं.

तिने वर त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तळहाताखाली पोट सैल झालं आणि डायपर गरम होऊन जड होत गेला. कानसेन "शाब्बास" म्हणाले. सुनेने दुसरा डायपर लावला आणि तिला घेऊन गेली.

त्यानंतर पाळणाघरातून डायपर कधी कोरडा परत आला नाही. महिन्याभरात ती घरीही भांड्यावर बसेना. तिचा डायपर सुटला तो सव्वातीन वर्षांची झाल्यावर, पाळणाघरातल्या तिच्या वयाच्या मुलांत सगळ्यांत शेवटी. कानसेन त्याच्या आठ महिने आधी गेले होते.